सोवळं वाळवणारा अँप्लिफायर

कुंभकोणममध्ये कॉफी प्यायची एक रीत आहे. पितळी पेल्यातली कॉफी खालच्या पसरट डवऱ्यात ओतायची, डवऱ्यातली परत पेल्यात, आणि ओतताना दोन्ही हात जमतील तितके लांब न्यायचे. वर फेस येतो, कॉफी निवते, आणि पिणाऱ्याइतकंच बघणाऱ्यालाही बरं वाटतं. आमच्या सरांना मात्र हे दृश्य बघवत नसे. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कुणी अशी धार धरली की ते तोंड फिरवून बसत.

“कुणी एक गॅस जाळून इतकी ऊब दिला, आणि हे बसून ती हवेला वाटतात!” ते म्हणत.

स्वतःची कॉफी ते आली तशी, वाफाळती, सरळ तोंडाला लावत. त्यामुळे त्यांची जीभ बारा महिने भाजलेली असे आणि चवीशी त्यांचा संबंध कधीच संपला होता. अक्काने, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीने, त्यांच्या कॉफीत साखर घालणं केव्हाच बंद केलं होतं. सरांना त्याचा पत्ता नव्हता.

माझ्या नवऱ्याला कुंभकोणमजवळच्या आडुतुरैला भाताच्या संशोधनाचं काम मिळालं म्हणून मी सांगली सोडून तिकडे गेले, आणि कुंभकोणमच्या एका खासगी इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले. तमिळचा गंध नाही, ओळखीचं कुणी नाही, अशा अवस्थेत पहिल्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. कपाळावर गंध, अंगात चुरगळलेला शर्ट, समोर उघडं पडलेलं कसलं तरी यंत्र. त्यांनी माझ्या अर्जावरचं आडनाव आणि गाव वाचलं आणि मान वर करून विचारलं, “तुम्हीं सांगलीच्या काय? जेवण झालें?”

मी खुर्चीचा आधार घेतला. मराठे तंजावरला राज्य करायला गेले तेव्हा सरांचे पूर्वज त्यांच्याबरोबर गेले होते, आणि त्यांनी नेलेलं मराठी घरातल्या घरात तसंच चालू होतं. त्यात मधूनमधून तमिळ शब्द येत, आणि ‘मी केलं’ असं कुणी म्हणत नसे, ‘मी केलों’ म्हणत. ‘सगळं’ हा शब्द नव्हता, ‘अस्कें’ होता. सुरुवातीला मला वाटायचं की एखाद्या बखरीतलं माणूस उठून माझ्याकडे बसची चौकशी करतंय. त्यांना माझं मराठी फार नवं वाटे. अक्का तर माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसायची.

त्यांच्याच घराचा मागचा भाग आम्ही भाड्याने घेतला. त्यामुळे कॉलेजात वरिष्ठ आणि घरी घरमालक, असे सर मला दोन्हीकडून मिळाले.

सरांच्या आयुष्याचा विषय एकच होता. रेडिओ लहरींचा पॉवर अँप्लिफायर. मोबाइलच्या मनोऱ्यावर असतो तो. बारीकसा सिग्नल घ्यायचा, मोठा करायचा आणि आकाशात सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण हे करताना तो जी वीज खातो तिच्यातली बरीचशी नुसतं तापण्यात घालवतो. मग त्याला गार ठेवायला पंखे, पंख्यांना वीज, वीज गेली की डिझेलचा जनरेटर. सरांना ही गोष्ट व्यक्तिशः लागली होती. जगाच्या पाठीवर जिथे जिथे मनोरा उभा आहे तिथे तिथे कुणी तरी आपल्याला लुबाडतंय, असा त्यांचा चेहरा असायचा.

वर्गात ते हा विषय महामहमाच्या सणाने समजावत. बारा वर्षांनी एकदा कुंभकोणमच्या तळ्यावर महामहम येतो तेव्हा गावात मुंगीला जागा नसते. “आतां समजा, गावांतला प्रत्येक हॉटेलवाला त्या गर्दीला पुरेल इतका भात रोज शिजवला. बारा वर्षे. आणि उरलेला कावेरीत ओतला. त्याला तुम्हीं काय म्हणाल?”

मुलं म्हणत, “वेडा, सर.”

“त्यालाच मोबाइल कंपनी अँप्लिफायर म्हणते.”

सिग्नल क्वचितच उंच उडी मारतो, पण साधा अँप्लिफायर त्या एका उडीसाठी कायम पूर्ण तयारीत बसलेला असतो. यावरची युक्ती जुनी आणि जगजाहीर आहे. एक अँप्लिफायर रोजच्या कामाला ठेवायचा आणि दुसऱ्याने फक्त गर्दी झाली की उठायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण दुसरा वेळेवर उठत नाही, किंवा उठतो तो पहिल्याच्या पायात पाय घालतो, आणि सिग्नलचा चेंदामेंदा होतो. या दोघांचं जमवून देण्यात सरांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. त्यांनी लग्न केलं नव्हतं. एवढी दोन सांभाळून आणखी कुणाला वेळ देणं त्यांना शक्यही नव्हतं.

माणसांकडेही ते याच नजरेने बघत. कुठलीही वस्तू दिसली की तिला हाताची मागची बाजू लावून बघायची, ही त्यांची सवय. फोन, लॅपटॉप, बसचं बॉनेट, प्रिन्सिपॉलसाहेबांचा प्रोजेक्टर. एकदा विभागातल्या एका प्राध्यापकांचं परीक्षेच्या कामावरून कडाक्याचं भांडण झालं, तर सर गेले आणि त्यांच्या कपाळाला हात लावून आले. “इनपुट भरपूर. आउटपुट कांहीं नाहीं,” ते मला हळूच म्हणाले. तोंडी परीक्षेत मुलांना त्यांचा एकच प्रश्न असे. मुलगा सांगायचा की इतकी वीज आत गेली आणि इतकी बाहेर आली. सर चष्मा काढून विचारत, “उरलेलें कुठे गेलें?” हा प्रश्न त्यांनी रिक्षावाल्यापासून लग्नातल्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारलेला मी ऐकलाय. आचाऱ्याने झारा उगारला होता.

देव मानायचे की नाही याबद्दल ते काही बोलत नसत. पण तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकावर त्यांचा जीव होता. तो समुद्राच्या फेसाचा आहे म्हणतात, त्यामुळे त्याला पाण्याचा अभिषेक करत नाहीत, अंगावर नुसता कापूर भुरभुरतात. “भिजवायचें नाहीं, म्हणून वाळवायचें नाहीं. कार्यक्षम देव,” असं त्यांनी मला देवळातच, भटजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं होतं.

घरात हीटर, गिझर आणि इस्त्री यांना बंदी होती. त्यांचं म्हणणं असं की हीटर म्हणजे ज्याचं आउटपुट शून्य आहे असा अँप्लिफायर, आणि लोक तो दुकानात जाऊन मुद्दाम विकत घेतात! स्वयंपाकाचा गॅस तेवढा माफ होता, कारण तो धंदाच उष्णतेचा.

गच्चीवरच्या खोलीत त्यांचा प्रयोग दिवसभर चालू असे. आकाशात सिग्नल सोडायचा परवाना नव्हता, म्हणून अँप्लिफायरमधून जे काही बाहेर पडे ते जाड केबलने खाली अंगणातल्या तेलाच्या डब्यात नेऊन जिरवत. म्हणजे इतक्या कष्टाने मिळवलेलं आउटपुट शेवटी तेल तापवायच्या कामी येई. हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यानंतर बरेच दिवस सर माझ्याशी फक्त परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल बोलले.

बहीणभावांचं नातं मोठं मजेचं होतं. दोघं एका खोलीत आली की दुसऱ्या वाक्याला भांडण. विषय नारळाचा असो की नाडीपट्टीचा असो. वडील गेल्यापासून हे असंच, अक्का म्हणायची. त्यावर सरांनी शास्त्रीय तोडगा काढला होता. ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज असेल तेव्हा करंट नको, आणि करंट असेल तेव्हा व्होल्टेज नको. दोघं एका वेळी आले की तो तापतो. म्हणून अक्का स्वयंपाकघरात असेल तेव्हा सर तिकडे फिरकत नसत, आणि सर जेवायला बसले की अक्का देवघरात जाई. ताट झाकून ठेवलेलं असे. निरोप माझ्यामार्फत. “अक्काला सांगा, मीठ कमी.” “त्याला सांग, मीठ वेगळें ठेवलें आहे, डोळे उघडून बघ म्हणावें.” मी मधल्या दारात उभी राहून हे दोन्ही निरोप पोचवायची, आणि ती दोघं एकमेकांचं लख्ख ऐकू येईल इतक्या अंतरावर बसलेली असायची.

या नियमाला अपवाद एकच होता, अक्काचं लुगडं.

अक्काचं सोवळं कडक. अंघोळीच्या वेळी धुतलेलं नऊवारी सुती लुगडं काठीने उंच वाळत घालायचं, त्याला कुणाचा हात लागता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी न्हाऊन तेच नेसून देवाचं आणि स्वयंपाकाचं करायचं. कुणी शिवलं की ते परत धुवायचं. रेशीम तिने फार पूर्वी कसल्याशा व्रतात सोडलं होतं. एरवी उन्हात अडचण नव्हती, पण ऐप्पसि महिना लागला की तिकडे पाऊस धरतो. आपला पावसाळा संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो आणि हटत नाही. भिंतींना ओल, मिठाचं पाणी, कपडे आंबट वासाचे. स्वयंपाकघरात लुगडं वाळवायला अक्का तयार नसे. ते ती काठीवर घेऊन जिना चढून गच्चीवरच्या खोलीत आणायची आणि अँप्लिफायरच्या वर टांगलेल्या बांबूवर टाकायची. अँप्लिफायरच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा मोठा हीटसिंक होता. त्याचं काम आतली उष्णता बाहेर टाकणं. त्याच्यावर लुगडं दुपारपर्यंत वाळायचं.

ज्या उष्णतेला सर जन्माची वैरीण मानत तिच्यावर त्यांच्याच बहिणीचं सोवळं वाळत होतं. सरांचा सोवळ्यावर विश्वास नव्हता. तरी अक्का वर असेपर्यंत ते खुर्ची मागे सरकवून, हात छातीशी घेऊन बसून राहत, आणि चुकून शिवू नये म्हणून श्वासही बेताने घेत. तेवढ्यात ती विचारायची, “काल रात्रीं भात तसाच राहिला. कसाला?” ते म्हणायचे, “भूक नव्हती.” ती म्हणायची, “सरि,” म्हणजे बरं, आणि खाली जायची. दिवसातलं त्यांचं एवढंच सरळ बोलणं.

मग एका पावसाळ्यात सरांचं जमलं.

त्या मोजमापांत मी दोन वर्षं त्यांच्याबरोबर राबले होते, म्हणून ती सकाळ मला चांगली आठवते. दुसरा अँप्लिफायर हवा तेव्हा उठत होता, नको तेव्हा गप्प बसत होता, आणि सिग्नल स्वच्छ होता. सरांनी हीटसिंकला हाताची मागची बाजू लावली. मग माझा हात धरून लावला. पाती गार होती. सर खिडकीशी जाऊन अंगणातल्या तेलाच्या डब्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांना पाठमोरं राहू दिलं, कारण माझेही डोळे भरून आले होते.

थोड्या वेळाने अक्का काठीवर लुगडं घेऊन आली. सर आयुष्यात पहिल्यांदाच तिला आनंदाने म्हणाले, “अक्का, आतां वर यायला नको. हें अस्कें गार झालें. तुला जिना चढायचा त्रास गेला.”

अक्काने हीटसिंककडे बघितलं, सरांकडे बघितलं. “सरि,” म्हणाली, आणि लुगडं घेऊन परत गेली. मला वाटलं, गुडघ्यांना बरं वाटेल बाईच्या.

बातमी बाहेर पोचायला वेळ लागला नाही. मनोऱ्यांची यंत्रं बनवणाऱ्या बंगळूरच्या एका कंपनीतून फोन आला. दोन इंजिनियर येऊन अँप्लिफायर पाहणार, आकडे पटले तर सरांनी तिकडे जाऊन त्यांच्या माणसांकडून तो नीट उभा करून घ्यायचा. म्हणजे निदान दोन-तीन वर्षं बंगळूर. सर निवृत्तीला आले होते. आयुष्यभर ज्याने वर्गात महामहम शिजवला त्याला शेवटी खरंच हॉटेल उघडून मिळत होतं. अक्का बंगळूरला जाणार नव्हती, हे कुणी विचारलंही नाही आणि कुणी सांगितलंही नाही. देव, तुळस आणि विहीर सोडून ती आडुतुरैलासुद्धा मुक्कामाला जात नसे.

त्याच सुमाराला अक्काला ताप आला. चांगला सणसणीत. डॉक्टर घरी आले, तपासून तमिळमध्ये बरंच काही बोलले. त्यात ‘ओल’, ‘ओले कपडे’, ‘छातीला जपा’ असंही आलं. सर दारातच उभे होते. ते शब्द ऐकले आणि बाकीचं न ऐकता तरातरा जिना चढून वर गेले.

मी मागे गेले तर ते स्क्रूड्रायव्हर घेऊन अँप्लिफायरवर ओणवे झाले होते. ट्रान्झिस्टरला कायम किती जागं ठेवायचं ते एका बारक्या स्क्रूने ठरतं. त्याला बायस म्हणतात. तो कमी करत करत आम्ही त्या गार सकाळपर्यंत आलो होतो. सरांनी तो स्क्रू उलटा, शेवटपर्यंत फिरवला. दोन्ही अँप्लिफायर टक्क जागे झाले आणि काही काम नसतानाही तापायला लागले.

“सर! हे काय करताय?”

“ती ओलें नेसत होती. हें मी गार केलों म्हणून.”

“सर, माझ्याकडे सांगलीहून आणलेला हीटर आहे. ट्रंकेत. आत्ता आणते.”

“या घरांत हीटर नाहीं,” सर म्हणाले. आयुष्याची कमाई एका स्क्रूने पुसायला ते तयार होते, पण हीटर नको! मला हसावं की डोकं आपटावं कळेना. शेवटी मी स्वतःची समजूत घातली की स्क्रूच आहे, पाहुणे येतील त्या दिवशी परत फिरवू, दहा मिनिटांचं काम. अक्काला निरोप गेला की वर लुगडं वाळतंय. ताप उतरला तशी ती जिना चढू लागली.

पाहुणे आले त्या दिवशी पाऊस कोसळत होता. दोघं रात्रीच्या गाडीने आलेले, एक वयस्क, एक तरुण, दोघंही पँटी गुडघ्यापर्यंत भिजलेले. सरांनी त्यांना कॉफी दिली, त्यांनी ती लांब धार धरून निववली तरी सर काही बोलले नाहीत, आणि आम्ही चौघं वर गेलो.

वर अँप्लिफायर दिसतच नव्हता. अक्काचं नऊवारी लुगडं त्या दिवशी नेहमीसारखं बांबूवर उंच नव्हतं, खालपर्यंत सोडलेलं होतं. त्याच्या घड्यांनी अँप्लिफायर पुढून पूर्ण झाकला होता. मीटरचे आकडे तेवढे शेजारी दिसत होते. परत फिरवायचा राहिलेला बायसचा स्क्रू त्या लुगड्याच्या मागे होता.

तरुण इंजिनियरने पडदा समजून ते बाजूला करायला हात पुढे केला.

“हात लावूं नका!” सर तमिळमध्ये इतक्या जोरात ओरडले की तो दोन पावलं मागे माझ्या पायावर आला. मग सरांनी त्याला इंग्रजीत, अत्यंत शांतपणे, सोवळं म्हणजे काय ते समजावलं. शिवलं तर धुवावं लागेल, धुतलं तर उद्या सकाळपर्यंत वाळणार नाही, आणि बहीण नुकतीच तापातून उठली आहे. पाहुणा तमिळच होता. त्याच्या आजीकडे असंच होतं म्हणाला, आणि हात खिशात घालून उभा राहिला.

“मी अक्कांना बोलावते. त्या काठीने उचलतील,” मी म्हटलं आणि खाली पळाले.

अक्का देवघरात जपाला बसली होती. डोळे मिटलेले, माळ चालू. “अक्का, पाहुणे आलेत हो, जरा वर या.” तिने डोळे न उघडता बोट ओठांवर ठेवलं. मी दारात थांबले. माळ संपली. तिने ती कपाळाला लावली आणि दुसरी सुरू केली. मी वर गेले, पाहुण्यांना वाट बघा म्हटलं, परत खाली आले. जप चालूच. इतका लांबलेला जप मी त्या घरात त्याआधी आणि त्यानंतर बघितला नाही.

वर सगळे लुगड्याकडे बघत बसले होते. शेवटी वयस्क पाहुण्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, आहे तसं मोजू. तरुणाने मीटर वाचले. पुन्हा वाचले. इतके वाईट आकडे त्याने बहुधा पाठ्यपुस्तकातच बघितले असतील.

“सर, तुम्ही फोनवर जे सांगितलं त्याच्या मानाने...” तो घुटमळला. “वीज तर एवढी आत जाते आहे. उरलेली कुठे जाते?”

इतकी वर्षं जगाला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणी तो विचारत होतं. सरांनी बोट लुगड्याकडे केलं.

“तिकडे,” ते म्हणाले.

पाहुणे फार सभ्य होते. जाताना दोघांनीही सरांना नमस्कार केला. आम्ही कळवू म्हणाले, आणि अर्थातच कुणी काही कळवलं नाही.

मी रागाने नुसती धुमसत होते. माझी दोन वर्षं त्या आकड्यांत होती. हीटर एक, फक्त एक हीटर लावू दिला असता! सरांवर राग, अक्काच्या देवावर राग, पावसावर राग. दुसऱ्या दिवशी सकाळी कढीपत्ता मागायचं निमित्त करून मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, ती खरं म्हणजे अक्काला चार शब्द सुनवायलाच.

गॅसच्या वर, भिंतीला लागून, एक दोरी बांधलेली होती. ती मी कधी बघितली नव्हती, कारण इतक्या सकाळी त्या बाजूला मी कधी गेलेच नव्हते. दोरीवर एक लुगडं होतं. कडकडीत वाळलेलं. दुसरं तसंच लुगडं नेसून, ओले केस गुंडाळून अक्का उभी होती. तिने काठीने दोरीवरचं लुगडं उतरवलं, बादलीत बुडवलं, चांगलं खळबळलं, पिळलं, पुन्हा काठीवर घेतलं आणि जिन्याकडे वळली. मग तिला मी दिसले.

“अक्का, ते वाळलेलं होतं की!”

“वाळलेलेंच होतें,” अक्का म्हणाली. “रात्रभर चुलीवर वाळतें. कसाला नाहीं वाळणार?”

“मग ताप?”

“ताप डासाचा. डॉक्टर तेंच सांगितला. तो ऐकला कुठे? ओल म्हटल्याबरोबर वर पळाला.”

“म्हणजे तुम्ही ओलं नेसतच नव्हता?”

“माझें डोकें फिरलें काय, या वयांत ओलें नेसायला?”

मी कढीपत्ता विसरले. अक्काने काठी भिंतीला टेकवली. लुगड्याचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

“तो वर बसतो,” ती म्हणाली. “खाल्ला काय, निजला काय, कोण बघणार? मी नुसतीच गेलें तर म्हणेल, कसाला आलीस. मग मी एक बोलेन, तो एक बोलेल. लुगडें घेऊन गेलें तर काम आहे ना. कामाला आलेल्या माणसाला तो कांहीं म्हणत नाहीं. त्या दिवशीं म्हणाला, आतां वर यायला नको. सरि म्हटलें. महिनाभर त्याचें तोंड बघितलें नाहीं मी. एका घरांत.”

“आणि कालचा जप?”

तिने पदराने डोळे नाही, चष्मा पुसला. “तो बंगळूरला गेला असता. जायलाच हवा होता, मला कळतें. सकाळीं लुगडें घालतांना हात खालीं गेला, मी उचललें नाहीं. पाप आहे तर माझें आहे.” तिने काठी उचलली. “वर सांगूं नको हो.”

तिचा राग आला, आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ती सोवळ्यात होती.

त्याच दुपारी सरांनी मला गच्चीवर बोलावलं. लुगडं बांबूवर होतं, नेहमीसारखं उंच. सर अँप्लिफायरजवळ वाकून काही तरी बघत होते.

“तुमच्याकडे नखाला लावायचा रंग असेल ना?” त्यांनी विचारलं.

मी चकित होऊन खालून लाल बाटली आणली. स्क्रू एकदा योग्य जागी बसला की तो हलू नये म्हणून त्याच्यावर रंगाचा थेंब सोडतात, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः मुलांना शिकवत होते. पण सर तो थेंब बायसच्या स्क्रूवर सोडत होते, जिथे तो उलटा फिरवून ठेवला होता तिथेच. मग ते त्यावर फुंकर घालत बसले.

“सर, इथेच? परत खाली नाही आणायचा? कंपनीला पुन्हा बोलावता येईल. मी बोलते त्यांच्याशी.”

“पोदुम,” सर म्हणाले. पुरे.

“तुमची सगळी वर्षं गेली यात.”

“गेलीं. जमतें हें मी बघितलों. तुम्हींही हात लावून बघितलां.” त्यांनी बाटलीचं झाकण नीट लावून माझ्या हातात दिलं आणि मान वर करून लुगड्याकडे बघितलं. “याला रोज फोडणीचा वास येतो. चुलीवर वाळवून, परत भिजवून आणते ती.”

मीही मान वर करून लुगड्याकडे बघितलं आणि विचारलं,

“कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्यापासून. आनंदाच्या भरांत मी यायला नको म्हणालों, ती महिनाभर आली नाहीं, म्हणून तापाचें निमित्त करून हें परत तापवलों. तुम्हीं खालीं बोलूं नका. तिला वाटतें मला कळत नाहीं, म्हणून ती येते.”

मी बाटली मुठीत धरून जिना उतरले. अक्का तळाशी, कठड्याला हात लावून उभी होती.

“काय करतो तो? जेवला नाहीं अजून. बोलला कांहीं?”

“हो,” मी म्हटलं. “लुगडं अजून ओलंच आहे म्हणाले. जरा येऊन बघायला सांगितलंय.”

“सरि,” अक्का म्हणाली, आणि एक एक पायरी घेत वर चढू लागली.